वाइन, मोह आणि अर्थ लावण्याचा हक्क

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो असे सांगितले की लोक हसतात. पण लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूचा परवाना पाच रुपयांना, वर्षाचा शंभर रुपयांना आणि आजीवन हजार रुपयांना मिळतो. याचे कारण असे की १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि त्या कायद्याच्या दृष्टीने पूर्ण राज्यच कोरडे आहे. दुकान, बार, परमिट रूम, क्लब हे सगळे त्या बंदीला दिलेले अपवाद. बंदी कायद्यात लिहिलेली आहे आणि अपवाद सरकारच्या नियमांत, आदेशांत, अधिसूचनांत. म्हणून आपल्याकडे दारूचा प्रश्न खरे तर कायद्याचा कमी आणि अर्थ लावणाऱ्याचा जास्त आहे. कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ, कोणासाठी, आणि तो कोण ठरवणार?

या विषयावर मी बोलायला लागलो की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘तुमच्यात तर हरामच आहे, तुम्हाला काय!’ म्हणणाऱ्याचा भाव वाईट नसतो. मुसलमान माणूस दारूबंदीच्या बाजूनेच बोलणार, त्यात विचार करण्यासारखे ते काय, असा एक समज आहे. पहिली गोष्ट, हराम आहे म्हणून कोणी पीत नाही असे नाही. आमच्या मोहल्ल्यांत पिणारे किती, हे मोहल्ल्यातल्या बायकांना विचारावे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शब्दाचा अर्थ ताणून किंवा आखडून बंदीतून वाट काढता येते का, हा वाद आमच्या फिक्हमध्ये हजार-बाराशे वर्षांपूर्वी झालेला आहे आणि चांगला कडाक्याचा झालेला आहे.

कुरआनात बंदी ‘खम्र’ची आहे आणि तीही टप्प्याटप्प्याने आली. आधी सांगितले की यात काही लाभ आहे, पण पाप त्याहून मोठे. मग सांगितले की नशेत नमाजजवळ येऊ नका. शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण मनाई आली. आता खम्र म्हणजे काय? कूफ्याच्या फकीहांनी, त्यात खुद्द इमाम अबू हनीफा आले, शब्द काटेकोर धरला. खम्र म्हणजे द्राक्षाचा कच्चा रस आंबवलेला. तो थेंबभरही हराम. खजूर, मध, गहू, जव यांची पेये त्या शब्दात बसत नाहीत, म्हणून नशा चढेपर्यंत पिणे हराम, त्याच्या आतले नाही. समोरच्या बाजूला बहुतेक सगळे इमाम होते. त्यांचा आधार हजरत उमर यांच्या खुत्ब्याचा. खम्र पाच वस्तूंपासून होते असे सांगून त्यांनी शेवटी व्याख्याच दिली होती की जे अक्कल झाकते ते खम्र. हनफी मत पुढे कुठे गेले ते पाहण्यासारखे आहे. अबू हनीफांचेच शिष्य इमाम मुहम्मद यांनी गुरूचे मत घेतले नाही. थोडे असो वा जास्त, नशा आणणारे सगळे सारखेच हराम, असे ते म्हणाले. नंतरच्या हनफी विद्वानांनी फतवा इमाम मुहम्मद यांच्या मतावर दिला आणि कारण सांगितले ते असे, की काळ बिघडला आहे, लोक त्या काटेकोर अर्थाच्या आडोशाने पिऊ लागले आहेत.

म्हणजे शब्दाचा अर्थ बदलला तो शब्दकोश बदलला म्हणून नाही. त्या अर्थाचा फायदा कोण घेतो आहे हे पाहून बदलला. आपल्याकडचे बहुतेक मुसलमान हनफी असल्यामुळे ही गोष्ट मदरशात शिकलेल्या पोरालाही ठाऊक असते. आमच्या सचिवालयांना मात्र ती अजून कळायची आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष बागायतदारांचे हित पुढे केले गेले. विरोध झाल्यावर सत्तेतल्या एका पक्षाच्या प्रवक्त्याने सांगितले की वाइन म्हणजे दारू नव्हे. कूफ्याच्या फकीहांनी निदान द्राक्षाची तरी दारू मानली होती! आणि आपल्या कायद्यात या शब्दाला जागाच ठेवलेली नाही. १९४९ च्या अधिनियमात मद्याची व्याख्या आहे, तिच्यात स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सर्व द्रव अशी नावे घेऊन यादी दिली आहे. निर्णय पुढे अमलात आला नाही तो जनमताच्या रेट्यामुळे. पण व्याख्या स्पष्ट असतानाही राज्याचा कारभार पाहणारी माणसे तिच्याविरुद्ध अर्थ सांगू शकतात, हे आपण तेव्हा पाहिले. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांना त्या निर्णयातून वगळले होते, हे इथे नोंदवले पाहिजे. गडचिरोलीला त्या कपाटाची झळ लागणार नव्हती.

आता दुसरी बाजू. अधिकाऱ्याने फार रुंद अर्थ लावला तर? तेही झालेले आहे. मुंबई राज्याने कायदा केला तेव्हा अल्कोहोल असलेले सर्व द्रव मद्यात मोडत असल्याने औषधे, खोकल्याची काढी, अत्तरवजा पाणी, सगळेच जाळ्यात आले. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधी आणि प्रसाधनाच्या पदार्थांपुरत्या त्या तरतुदी रद्द केल्या. बाकी कायदा टिकला. मग १९५२ मध्ये विधिमंडळाने कलम २४-अ घातले आणि पिण्याजोगे नसलेले प्रसाधन, औषध, अर्क यांना बंदीतून बाहेर काढले. पुढे कलम ६-अ आले. एखादा पदार्थ नशेसाठी पिण्याजोगा आहे की नाही, हे नाक्यावरच्या जमादाराने ठरवायचे नाही, त्यासाठी तज्ज्ञांचे मंडळ असेल आणि त्या मंडळाचे मत घेऊन सरकार ठरवेल, अशी ही तरतूद.

याच काळात पेसिकाका प्रकरण घडले. मुंबईतल्या एका परिवहन अधिकाऱ्याच्या जीपने कुलाब्यात माणसांना धडक दिली, तोंडाला वास होता. त्याचे म्हणणे होते की औषध घेतले होते. औषधातला अल्कोहोल गुन्हा नाही असे बलसारा खटल्यात ठरलेलेच होते. मग हा वास औषधाचा नव्हे हे कोणी सिद्ध करायचे? सर्वोच्च न्यायालयाने ते ओझे सरकारी पक्षावर ठेवले आणि तो माणूस सुटला. त्यानंतर विधिमंडळाने कायद्यात घातले की रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल आढळला तर तो औषधाचा होता हे आरोपीने दाखवावे. एक आकडा कायद्यात लिहिला आणि वासावरचा वाद बराचसा मिटला. ही दोन उदाहरणे मी मुद्दाम सविस्तर दिली. अर्थ लावणाऱ्याचे हात बांधणारा कायदा आपल्याच विधिमंडळाने, आपल्याच कायद्यात, यापूर्वी केलेला आहे. मागणी नवी नाही.

असा कायदा नेहमी चांगल्याच बाजूने होतो असे मात्र नाही. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. रस्त्यावर मरणाऱ्या माणसांचा तो विचार होता. मग काय झाले? महाराष्ट्रासह काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या महामार्गांचा दर्जाच काढून घेतला, म्हणजे रस्ता तोच, ट्रक तेच, फक्त नाव बदलले. पंजाबने २०१७ मध्ये थेट अबकारी कायदाच दुरुस्त केला की हॉटेल, रेस्टॉरंट, क्लब यांत वाढलेली दारू या मनाईत धरायची नाही. कायद्याने अर्थ बांधून घेता येतो हे बारवाल्यांना आपल्याआधी कळले होते. त्यांच्याकडे वकील असतात.

आणि आता आमचे दोन जिल्हे. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. मधून वैनगंगा वाहते. गडचिरोलीतून पूल ओलांडला की व्याहाड लागते आणि ते चंद्रपूर जिल्ह्यात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने, गावोगावच्या बायकांनी, आदिवासी कार्यकर्त्यांनी १९८८ पासून चालवलेल्या चळवळीचे ते फळ होते. चंद्रपूरला त्यासाठी आणखी वाट पाहावी लागली. श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये बायका चिमूरहून नागपूरपर्यंत विधिमंडळावर पायी गेल्या. समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, पडून राहिला, सरकार बदलले आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २०२१ मध्ये निवृत्त अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीचा अहवाल आला आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने ती उठवली. करोनाची दुसरी लाट चालू होती. जुलैत दुकाने उघडली.

बंदी उठवताना दिलेली कारणे सगळी खोटी होती असे मी म्हणणार नाही. अवैध धंदा वाढला होता, बनावट दारू येत होती, त्या धंद्यात बायका-पोरे ओढली गेली होती. पण ही सगळी कारणे अंमलबजावणीच्या अपयशाची आहेत आणि अंमलबजावणी ज्यांच्याकडे होती त्यांनीच ती आपल्या सोयीने कायद्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडली. माझा मुख्य आक्षेप तोही नाही. आक्षेप असा की ज्या बायका चिमूरहून चालत गेल्या, त्यांच्या चालण्याचे कायद्याच्या भाषेत काहीच झाले नाही. बंदी मंत्रिमंडळाच्या निर्णयाने आली, म्हणून मंत्रिमंडळाच्याच निर्णयाने गेली. विधानसभेत त्यावर मतदान नाही, ग्रामसभेला विचारणे बंधनकारक नाही. निवेदने मागवली, मोजली, झाले. निवेदन देणे आणि मत देणे यांत फरक आहे. दारू दुकानदाराचे निवेदन छापील येते, जिवतीच्या पहाडावरच्या बाईला निवेदन मागवले आहे हेच कळत नाही.

गडचिरोलीची बंदी तरी कशाच्या आधारावर उभी आहे? ती टिकून आहे ती लोकांच्या रेट्यावर. मध्यंतरी तिचाही फेरविचार करण्याची भाषा सुरू झाली तेव्हा शेकडो गावांनी ठराव करून बंदी हवी असे कळवले. एका सरकारला ते ठराव दिसले. पुढच्याला दिसतीलच असे कायदा म्हणत नाही. आणि पूल ओलांडून व्याहाडची दुकाने आहेतच, दक्षिणेला तेलंगणा, पूर्वेला छत्तीसगड.

इथे कायदा नसतो असेही नाही. १९९६ चा पेसा कायदा आहे. अनुसूचित क्षेत्रात मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री आणि सेवन नियंत्रित करण्याचा अधिकार योग्य स्तरावरील पंचायतींना आणि ग्रामसभेला राज्यांनी दिला पाहिजे, असे संसदेने स्पष्ट लिहिले. गडचिरोलीचे बहुतेक जंगली तालुके आणि चंद्रपुरातला जुन्या राजुरा तालुक्याचा भाग त्यात येतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियमही केले. मेंढा (लेखा) तर या सगळ्याच्या आधीपासून ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेत आले आहे, दारूचाही तसाच घेतला. पण ‘योग्य स्तरावरील पंचायत’ हे शब्द रबरासारखे आहेत. योग्य स्तर कोणता? गाव, तालुका की जिल्हा परिषद? आणि २०२१ साली चंद्रपूरची बंदी उठली तेव्हा त्यातल्या अनुसूचित गावांचे काय, हा प्रश्न मंत्रिमंडळाच्या निर्णयात कुठेच आडवा आला नाही. जिल्हा एक घटक धरला, विषय संपला.

बिगर अनुसूचित गावांसाठी २००८ चा आदेश आहे, उभी बाटली आडवी बाटलीचा. चंद्रपुरातल्या बायकांना आता एवढीच वाट उरली आहे. आधी एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, त्या सह्या तपासल्या जाणार, मग गुप्त मतदान. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला हवीत. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण यादीच्या. समजा गावात ६०० बायकांची नावे आहेत. ४०० आल्या, त्यांतल्या २९० जणींनी बाटली आडवी केली, ११० जणींनी उभी. दुकान चालूच. जी मेली आणि जिचे नाव कापले गेले नाही, जी मिरची तोडायला तेलंगणात गेली, जी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, त्या सगळ्यांचे मत दारूवाल्याच्या खात्यात. आमदार निवडून यायला ही अट लावली तर विधानसभेत किती जण बसतील?

मोहाबद्दल बोलल्याशिवाय या भागातल्या दारूचे बोलणे पुरे होत नाही आणि माझ्यासारख्याला तेच सर्वांत अवघड जाते. गोंड, माडिया समाजात मोहाचे झाड घरच्या माणसासारखे आहे. फुले वेचणे हे उन्हाळ्यातले हक्काचे उत्पन्न, उपासमारीच्या दिवसांतले अन्न. जन्म, लग्न, मरण, पेन यांच्या विधीत मोहाची दारू लागते. माझ्या धर्मात ती वर्ज्य आहे म्हणून त्यांच्या देवापुढची ती वर्ज्य ठरवायचा मला काही हक्क नाही. धानोरा भागातल्या एका गावात दारूबंदीसाठी स्वतः भट्ट्या फोडलेल्या एका बाईंना मी हे विचारले होते. त्या म्हणाल्या, ‘देवाची अन् दुकानाची एकच का जी, भाऊ? देवाची पळसाच्या पानात मावते.’ फरक त्यांना पुरता स्पष्ट होता. कायद्याला तो नाही. सडवा सापडला, मडके सापडले, गुन्हा गृहीत. दारूच्या गाड्या पुलावरून रात्रीच्या जातात आणि पोलिसांच्या आकड्यांत मडकी भरतात.

मोहफुलांवर तर १९५० च्या नियमांपासून निर्बंध होते. ठराविक मर्यादेपलीकडे फुले जवळ बाळगणे, नेणे, विकणे यांसाठी परवाना. झाडावरून गळालेले फूल उचलले तर ते अन्न की दारूचा कच्चा माल, हे उचलणारीच्या मनावर नाही, तर अडवणाऱ्याच्या मनावर अवलंबून. त्यामुळे व्यापाऱ्याला पडेल भावात फुले विकून मोकळे होणे भाग पडायचे आणि तीच फुले टंचाईत महाग होऊन परत यायची. २०२१ मध्ये राज्याने हे निर्बंध सैल केले. चांगले केले. मात्र हेही आदेशानेच. आदेश काढणारा तो मागे घेऊ शकतो.

म्हणून माझे म्हणणे आहे की १९४९ च्या अधिनियमात दुरुस्ती हवी आणि ती विधिमंडळाने करावी. एखाद्या जिल्ह्यात लोकांच्या मागणीवरून बंदी लागू झाली असेल तर ती केवळ मंत्रिमंडळाच्या निर्णयाने उठू नये. उठवायची असेल तर विधानसभेत प्रस्ताव यावा आणि अनुसूचित गावांत ग्रामसभेचा ठराव अनुकूल असल्याशिवाय तिथे परवाना देता येऊ नये. ‘योग्य स्तर’ म्हणजे ग्रामसभा, असे दोन शब्द लिहून टाकावेत. आडव्या बाटलीचे मोजमाप झालेल्या मतदानावर करावे, हवे तर किमान मतदानाची अट घालावी. एवढे केले तर बंदी यशस्वी होईल का? एवढ्याने नाही. व्यसन सोडवायला दवाखाना लागतो, गावाची संघटना लागते, पुलावर जागा राहणारा शिपाई लागतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या वणीत दुकाने बंद असताना सॅनिटायझर पिऊन माणसे मेली. व्यसन कायद्याचे ऐकत नाही हे मला मान्य आहे.

काही मित्र म्हणतात, सगळे कायद्यात बांधून टाकले तर अधिकाऱ्याला परिस्थिती पाहून निर्णय घेता येणार नाही. बिहारकडे बघा म्हणतात. २०१६ चा बिहारचा कायदा इतका कडक होता की तुरुंग भरले, न्यायालये तुंबली आणि २०१८ व २०२२ मध्ये त्यांनाच तो सैल करावा लागला. खरे आहे. पण बिहारने हात बांधले ते पिणाऱ्या गरिबाचे. मी म्हणतो ते परवाना देणाऱ्याचे आणि बंदी उठवणाऱ्याचे बांधा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक असा निकाल देऊन औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या अखत्यारीत आणला. मानवी सेवनाची दारू जीएसटीच्या बाहेर ठेवून तिचा कर आधीच राज्यांकडे राहिलेला आहे. अधिकार वाढले, उत्पन्नाची ओढही वाढली. ज्या तिजोरीला दारूचा पैसा हवा आहे तिच्याच हातात बंदीच्या शब्दांचा अर्थ मोकळा सोडायचा, हे मला पटत नाही.

आणि मोहाचे कलम त्याच दुरुस्तीत असावे. मोहफूल हे अन्न आणि वनोपज आहे, ते बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. अनुसूचित गावात विधीपुरती किती दारू, कोणत्या प्रसंगी, हे ग्रामसभेने ठरवावे. विकली की गुन्हा. किती म्हणजे विधीपुरती, हे मुंबईला ठरवता येणार नाही आणि मला तर नाहीच. धानोऱ्याकडच्या त्या बाई पळसाच्या पानाचे माप सांगतात, दुसऱ्या गावात कदाचित वेगळे असेल. ते त्या त्या गावाच्या ठरावात येऊ द्या आणि ठाण्यात त्याची एक प्रत लावा.